तक्त्यात राहून गेलेलं माहेर

मॅडम, तुम्ही गेलात त्याला आज अकरा दिवस झाले आणि मी अजून तुमच्यावर चिडलेलीच आहे. भांडण अर्धवट टाकून जायची तुमची सवय नव्हती. तासाची घंटा होवो, पोरं तिकडे वर्गात बोंबलत असोत, स्टाफरूमच्या दारात उभं राहून मुद्दा संपवल्याशिवाय तुम्ही हलत नव्हतात. आणि या वेळी? "तो भाग परत वाच रंजने, मग बोलू," असं फोनवर म्हणालात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर वाचता वाचता खुर्चीतच मान टाकलीत. मी तो भाग परत वाचला. आता बोलू कोणाशी?

पेपरात तुमच्यावर चौकट आली होती. जन्म, शिक्षण, पदं, किती वर्षं सेवा, मागे कोण कोण. वाचून मला वाटलं, ही बाई कोण बुवा? फोटोसुद्धा कुठला तरी, ज्यात तुम्ही गप्प बसलेल्या आहात. म्हणून मी हे लिहायला बसले. तुमची विद्यार्थिनी, मग तुमच्याच विभागात तुमच्या हाताखालची प्राध्यापक, आणि शेवटची चार वर्षं त्या न संपलेल्या पाठ्यपुस्तकाची अर्धी लेखिका, एवढ्या नात्यानं. पण खरं कारण ते नाही. खरं कारण म्हणजे माझ्याकडून एक चूक झाली आहे आणि ती तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. तुमच्या माहेराला कळवायचं माझ्याकडून राहिलं. सांगते सगळं. सांगायला धीर येईपर्यंत थोडं इकडचं तिकडचं बोलू द्या.

तुमचा पहिला तास आठवतो का तुम्हाला? माझा तरी पहिलाच होता. पिंपळगाव राजाहून एसटीनं खामगावला येणारी, दोन वेण्या घातलेली पोरगी मी. पुस्तकाचं नाव होतं सांस्कृतिक मानवशास्त्राची ओळख, आणि मी घाबरले होते की आता हाडं, कवट्या, जंगलातली माणसं असं काहीतरी निघणार. तुम्ही आलात, फळ्याला हातही लावला नाहीत, आणि विचारलंत, "काकाच्या पोरीशी लग्न करता येतं का?" वर्ग खो-खो हसला. मागच्या बाकावरचा एक दांडगा उठून म्हणाला, "काईबी काय विचारता मॅडम, ते बहीन लागते ना!" तुम्ही म्हणालात, "बरं. आणि मामाची पोरगी?" आता तो लाल. त्याच्या मामाला पोरगी होती हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. "ते तं... ते तं मामाची पोरगी हाये." तुम्ही शांतपणे म्हणालात, "एक बापाच्या भावाची लेक, एक आईच्या भावाची लेक. एकीला बहीण म्हणायचं आणि दुसरीला नवरी, हे ठरवलं कोणी? रक्तानं?"  मी घरी जाऊन आईला तोच प्रश्न विचारला आणि पाठीत धपाटा खाल्ला. "कालेजात हेच शिकवून राह्यले काय तुले?" आई म्हणाली. पण दोन दिवसांनी भाकरी थापता थापता स्वतःच म्हणाली, "खरंच वं, कोनं ठरवलं असन?"

मग तुम्ही तक्ते शिकवलेत. पुरुष म्हणजे त्रिकोण, बाई म्हणजे वर्तुळ. लग्न म्हणजे दोन आडव्या रेघा, लेकरं म्हणजे खाली सोडलेली उभी रेघ. आणि माणूस वारला असेल तर त्याच्या खुणेवर एक तिरपी काट. मी माझ्या आजोळाचा तक्ता काढून आणला तर तुम्ही तो परत केलात. "रेघ पट्टीनं काढ. नातं वाकडं असलं तरी चालेल, रेघ सरळ पाहिजे." तीन वेळा काढायला लावलात, मॅडम. तिसऱ्या वेळी मी रडले होते, ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

आणि तरीही परीक्षेत तुम्ही माझा अर्धा गुण कापलात. काय म्हणून? तर मी माझ्या मेलेल्या आजोबांच्या त्रिकोणावर काट मारली होती. मी तणतणत स्टाफरूममध्ये आले. पुस्तकात तसंच आहे, तुम्हीच शिकवलंत, मग अर्धा गुण कशाचा? तुम्ही हसलात. म्हणालात, "पुस्तकात आहे म्हणून सांगितलं. मी काढत नाही. बैस, कारण सांगते." आपलं ते पहिलं भांडण. तेव्हा मी सरूमायचं नाव पहिल्यांदा ऐकलं.

सत्तावीस वर्षांच्या तुम्ही, प्रबंधासाठी संग्रामपूरच्या पुढच्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात जाऊन राहिलात. गावाचं खरं नाव तुम्ही प्रबंधात लपवलंत. मीही तुमचंच खोटं नाव चालवते, आंबेवाडी. शाळेच्या ओसरीत बाज टाकून दिली होती गावानं, पण तीन आठवडे कोणी धड बोललं नाही. येता-जाता नमस्कार तेवढा. बोलणार कसे? तुम्ही कोणाच्या कोण हेच त्यांना समजत नव्हतं. कोणासमोर डोक्यावर पदर घ्यायचा, कोणाच्या अंगणात बसायचं, कोणता गडी तुमची थट्टा करू शकतो आणि कोणी मान खाली घालायची, हे ठरल्याशिवाय त्या गावात माणसाला उभं राहायला जागा नसते. तुमची वही कोरी. शेवटी एक दिवस सरूमाय विहिरीवरून येताना थांबली आणि म्हणाली, "पोरी, तू कोनाची कोन हायेस ते पह्यले ठरू दे. नाई तं कोनी तुह्याशी बोलन कसं?" मग विचारलं, "माहेर कुठलं?" तुम्ही म्हणालात, "अमडापूरचं होतं."

होतं म्हणालात. ते सरूमायनं बरोब्बर पकडलं. जातीबाहेर लग्न केलंत म्हणून अमडापूरचं दार बंद झालं होतं, आणि ते तुम्ही कोणाला सांगत नव्हतात. मायनं जास्त विचारलं नाही. "मंग माही लेक व्हय," म्हणाली, आणि घागर उचलून चालायला लागली. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही आंबेवाडीत मायची शालू, कोणाची आत्या, कोणाची नणंद, कोणाची साळी. पदर घ्यायची गरज नाही, लेकच ती. वही भरायला लागली. प्रबंधात तुम्ही त्या दिवसाबद्दल फक्त एवढंच लिहिलंत, "या टप्प्यावर क्षेत्रात प्रवेश मिळाला." मी ते वाचून इतकी हसले होते. क्षेत्रात प्रवेश! अहो, एका बाईनं तुम्हाला पोटची म्हणून घेतलं आणि तुमचं आपलं क्षेत्रात प्रवेश.

त्यानंतरची गोष्ट ती काटेची. तुम्ही सरूमायच्या घरचा तक्ता काढत बसला होतात. ती शेजारी बसून पेन्सिल कुठं जाते ते पाहत होती. तिची सुमन सहा वर्षांची असताना तापानं गेली होती. तुम्ही सुमनचं वर्तुळ काढलंत आणि वर तिरपी काट ओढलीत. मायनं तुमचा हात धरला. "हे काऊन खोडलं?" तुम्ही म्हणालात, "ती वारली ना, माय." त्यावर ती म्हणाली, "मेली म्हनून खोडतेत काय वं? लेक हाये माही थे. दोन पोरं न् एक पोरगी, असंच सांगतो मी सगळ्याईले." तुम्ही खोडरबरनं काट पुसायला गेलात तर कागद तिथं फाटला. तो फाटका तक्ता तुम्ही जपून ठेवलात. पुढं मार्गदर्शकांनी आक्षेप घेतला, शास्त्रीय पद्धत आहे, काट हवीच. तुम्ही तळटीप देऊन भागवलंत पण काट मारली नाहीत. मला हे सांगून झाल्यावर तुम्ही तो अर्धा गुण परत दिलात का? नाही. अजून बाकी आहे.

दर भाऊबीजेला तुम्ही आंबेवाडीला जायचात. तुमच्या यजमानांना, भास्करकाकांना, "जावई" म्हणून तिथं पाटावर बसवायचे, आणि ते गणिताचे कडक मास्तर लाजायचे, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. दोनदा तुम्ही मलाही ओढून नेलंत. येताना ज्वारीचं पीठ, बिबड्याचे पापड, चोळीचा खण. माहेर म्हणजे काय असतं ते तिथं बसून पाहिलं मी, आणि खरं सांगू, मला तुमचा हेवा वाटला. जळफळाटच झाला म्हणा.

कारण माझं माहेर तोवर संपलं होतं. नवऱ्याचं घर सोडून मी आले तेव्हा सख्ख्या भावानं चहा पाजला आणि म्हणाला, "येत जात राह्य, पन राहू नोको." बरं, तो तर रक्ताचा. माझा एक मानलेला भाऊही होता. शेजारचा. बारा वर्षं राखी बांधली मी त्याला. सासरी जाऊन माझं सामान आणायचं होतं, नुसतं सोबत उभं राहायला कोणीतरी पाहिजे होतं, तर हा म्हणाला, "तुमचा घरगुती मामला हाये ताई, मी कुठं मधात पडू?" त्या दिवसापासून मानलेलं नातं म्हटलं की माझ्या कपाळात तिडीक जाते. म्हणून आपल्या पुस्तकातल्या नातेसंबंधांच्या प्रकरणात तुम्ही रक्ताचं, लग्नाचं आणि मानलेलं असे तीन सारखे भाग केलेत तेव्हा मी उसळले. म्हटलं, मानलेलं परिशिष्टात टाका, अर्ध्या पानात. लग्नात मिरवायला बरं असतं ते, वेळेला कोणी उभं राहत नाही. तुम्ही म्हणालात, प्रकरणाची सुरुवातच तिथून करायची. चार वर्षं आपण त्या एका भागावर अडलो. बाकी पुस्तक कधीच झालं असतं.

आणि ती शेवग्याच्या शेंगांची दुपार. ते लिहायला हात मागे येतोय. तुमच्या ओसरीत तुम्ही शेंगा सोलत होतात आणि मी तावातावानं तेच ते बोलत होते, की मानून कोणी कोणाचं होत नाही. तुम्ही शेंगेवरून नजर न उचलता म्हणालात, "मग मला मान ना. हे घर तुझं माहेर." आणि मी काय म्हणाले? "मॅडम, उगाच गोड नका बोलू. माहेर काय असं म्हणून होतं?"

 उठून आत गेलात आणि ठेचा-भाकर घेऊन आलात. "खा," म्हणालात. मी खाल्ली. निर्लज्जासारखी दीड भाकर खाल्ली. नंतर किती वेळा वाटलं की म्हणावं, मॅडम, त्या दिवशी चुकलं माझं. म्हटलं नाही. आज म्हणते. चुकलं माझं.

आता त्या सकाळचं सांगते.

भास्करकाका तुमच्या खुर्चीशेजारी खाली बसले होते. मला पाहून एवढंच म्हणाले, "रंजना, तू कळव सगळ्यांना. तुला माहीत आहेत सगळे." मी तुमच्या टेबलावर जाऊन कागद ओढला. यादी करायला गेले, पण हाताला वळण तुमचंच. मी तक्ता काढायला लागले. मधोमध तुमचं वर्तुळ. शेजारी काकांचा त्रिकोण. त्यांची भावंडं, पुतणे, भाचे. तुमच्या बाजूला अमडापूर, भाऊ, भावजय, त्यांची लेकरं. आणि मॅडम, मी तुमच्या वर्तुळावर काट मारली. हात थांबलाच नाही. मग एकेका खुणेवर बोट ठेवून फोन लावत गेले. अमडापूरला कोण्या मुलीनं उचलला, "सांगते बाबांना," म्हणाली. सगळे फोन झाले तेव्हा मला, लाज वाटते सांगायला, जरा बरंसुद्धा वाटलं, की कोणी सुटलं नाही. काम नीट केलं.

अकराच्या सुमारास बायका तुम्हाला तयार करायला लागल्या आणि काकांच्या मोठ्या बहिणीनं, आक्कांनी, विचारलं, "माहेरचं लुगडं कोणी आणलं?" सवाष्ण गेलेली बाई माहेरच्या कोऱ्या हिरव्या लुगड्यात जाते. हे मला काय माहीत नाही? यावर मी दर वर्षी एक तास घेते. लग्नाच्या पाठवणीला माहेर, शेवटच्या पाठवणीलाही माहेर, असं फळ्यावर लिहून देते पोरींना. बायका एकमेकींकडे पाहायला लागल्या. "अमडापूरवाले येऊन राह्यले का?" "दिसत तं नाईत." अर्धा तास वाट पाहिली. मी दाराशी हाताची घडी घालून उभी होते. काय करत होते सांगू? मी पाहत होते. कोण कुठं बसलं, शब्द आक्कांचा चालतो की काकांचा, कोण पुढं होतं, कोण मागं सरतं. वीस वर्षांची सवय. सहभागी निरीक्षण म्हणे. त्यातलं सहभागी कुठं गेलं होतं देव जाणे.

अमडापूरहून कोणी आलं नाही. मग पुतण्याला बाजारात पाठवून एक हिरवी साडी आणली. दुकानाचं लेबल तसंच होतं, ते आक्कांनी नखानं काढलं. "माहेर नसलेल्या बाईचं असंच असते," कोणीतरी मागून म्हणालं. तुम्हाला ती नेसवली. तुम्ही त्या साडीत गेलात.

आंबेवाडीचा नंबर माझ्या फोनमध्ये होता, मॅडम. दोन वर्षांपूर्वी तुम्हीच टाकून दिला होता, सरूमायच्या मोठ्या पोराचा. "बबनभाऊ आंबेवाडी." तीन तासांत आले असते ते. काका थांबले असते, आक्कासुद्धा थांबल्या असत्या. विसरले असते तर एक वेळ स्वतःला माफ केलं असतं. विसरले नाही मी. मला ते सुचलंच नाही. कोणाला कळवायचं म्हटल्यावर रक्ताचे आणि लग्नाचे एवढेच माझ्या हातातून कागदावर उतरले. आपलं भांडण चाललंच होतं, आणि तुम्ही नसताना मी ते परस्पर जिंकून टाकलं.

चौथ्या दिवशी सरूमाय आली. तिच्या नातसुनेला मोबाइलवर कोणाच्या तरी स्टेटसला तुमचा फोटो दिसला होता. ऐंशीच्या वरचं वय, दोन एसट्या बदलून, बबनभाऊच्या हाताला धरून. फाटकातच उभी राहिली आणि तिथूनच सूर धरला, "माह्या लेकी वं, मले न सांगता कशी गेली वं, दिवाळीले येतो म्हने वं..." माझा हात आपोआप पेनाकडे गेला, मॅडम. शब्द टिपून घ्यायला. पेन मी तिथंच फेकून दिलं.

आक्का बाहेर आल्या. "तुम्ही कोण हो?"

"मी तिची माय."

"तिची आई तर केव्हाच वारली." आक्का गोंधळल्या. तेवढ्यात काका उठले. चार दिवसांत पहिल्यांदा आपल्या आपण उठले, फाटकापर्यंत गेले आणि भर रस्त्यात मायच्या पाया पडले. "या माय," म्हणाले. 

सरूमाय तुमच्या फोटोसमोर बसली. पाणीही घेतलं नाही. पहिला प्रश्न, "कोनतं नेसवलं?"  आक्का म्हणाल्या, "इकडचंच. माहेरचं कोणी आलं नव्हतं ना." मायनं कापडी पिशवीतून पुडकं काढलं. कोरं हिरवं लुगडं. संग्रामपूरचं दुकान उघडेपर्यंत पायरीवर बसून राहिली होती म्हणे त्यासाठी. गेलेल्या माणसाला ते आता कामाचं नाही हे तिला कळत होतं. तरी आणलं. ते मांडीवर ठेवून ती त्याच्यावरून हात फिरवत राहिली.

"कळवाचं काम कोनाकडं होतं?"

"माझ्याकडं, माय."

तिनं मला ओळखलं. "तू पिंपळगावची. दोनदा आल्ती. मंग?"

"राहून गेलं."

"कसं राहून जाते? कागदावर पाहून केले असशीन ना फोन? शालू तं सगळं कागदावर मांडे. दाखव मले."

मी सांगू शकले असते की कागद फेकला. नाही सांगितलं. आणून तिच्यासमोर धरला. तिला अक्षर येत नाही, पण त्रिकोण-वर्तुळं तिला येतात. तुमच्याजवळ बसून तिनं अशी अर्ध्या गावाची बनवून घेतली होती. बोट ठेवत गेली. "हे शालू. हे जवाई. हे जवायाचे भाऊ. हे अमडापूर." बोट कागदाच्या कडेपर्यंत गेलं, परत आलं. मग तिनं माझ्याकडं पाहिलं.

"याच्यात मी कुठी हाव?"

"माय, जाऊ दे ना आता," बबनभाऊ म्हणाला.

"थांब बे."

मी काय सांगणार होते? हा तक्ता रक्ताच्या आणि लग्नाच्या नात्यांचा आहे?  मायचं बोट तुमच्या वर्तुळावर आलं, त्या काटेवरून एकदा वर, एकदा खाली फिरलं.

"न् हे काऊन खोडलं?"

चार दिवस मी रडले नव्हते. लोकांना चहा दिला, सतरंज्या टाकल्या, फोन घेतले. त्या एका प्रश्नावर मी कोसळले, अक्षरशः हंबरडा फोडला. आक्का पाणी घेऊन धावल्या. सरूमायनं त्यांना हातानं थांबवलं. "रडू द्या तिले." मी थांबेपर्यंत ती माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. लुगड्यावरून फिरवत होती तसाच.

मग शांतपणे म्हणाली, "अन् तू कुठी हायेस याच्यात?"

"मी? मी नाही माय यात."

"काऊन नाईस? फोन तू केले. चार दिवसापासून घर तू सांभाळून राह्यली. शालू तं मले दर साली सांगे, माय, मले एक धाकटी भेटली म्हने. लय भांडखोर हाये, मले माहेर म्हन म्हनलं तं अंगावर येते, पन भाकर खाऊन जाते."

भाकर खाऊन जाते म्हणालात तुम्ही! म्हणजे ते उत्तर तुम्ही तेव्हाच घेऊन टाकलं होतं. मी वर्षानुवर्षं जीव जाळत बसले की हो म्हटलं नाही, आणि तुम्ही माझी दीड भाकर मोजून आंबेवाडीला जाऊन मला धाकटी करून आलात. मला सांगायचं तरी होतंत. एकदा तरी.

जाताना मायनं ते लुगडं माझ्या ओटीत टाकलं. "आनलेलं लुगडं माघारी नेत नसतेत. तेरवीले तू नेस." आक्का हळूच म्हणाल्या, "हिरवं आहे हो ते, आणि ती नवऱ्याजवळ नसते..." माय फाटकातून वळली. "लेकीच्या लुगड्यात तुमी नोका पडू, बाई."  अर्ध्या तासानं त्यांनीच मला विचारलं, नऊवारी नेसता येतं का तुला? येत नाही. परवा तेरवी आहे. माय सकाळच्या एसटीनं येणार आहे मला नेसवायला.

भांडण तुम्ही जिंकलात. प्रकरण मानलेल्या नात्यापासूनच सुरू होईल, मी काल पहिलं पान लिहून काढलं. पण हरले हे तुमच्या तोंडावर सांगायला तुम्ही समोर हव्या होतात. एवढी एक गोष्ट मला तुमच्याकडून मिळाली नाही, आणि तिच्यासाठी मी तुमच्यावर चिडूनच राहणार आहे.

आज दुपारी तुमच्या टेबलावर बसून तक्ता नव्यानं काढला. वर सरूमाय. खाली बबनभाऊ, त्याचा भाऊ, सुमन, तुम्ही, आणि तुमच्या शेजारी शेवटचं वर्तुळ माझं. काट कोणावरच मारली नाही. पट्टी तुमच्या खणात आहे, पण तो खण उघडायचा धीर झाला नाही. रेघ हातानं ओढली ती वाकडी आली. तुम्ही असतात तर परत काढायला लावली असतीत.